ठिणगीची वेळ

वैशाख भरांत आला कीं अकोल्याची दुपार निर्मनुष्य होते. कापसाच्या बाजारांतील गजबज केव्हांच ओसरलेली असते, काळी जमीन भेगाळलेली असते, आणि पारा ४५ अंशांच्या आसपास ठाण मांडून बसलेला असतो. अशा वेळीं अमरावतीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कांठीं एखाद्या पत्र्याच्या छपराखालीं मात्र काम चालू असतें. जुन्या मोटारीचें झांकण वर केलेलें असतें. मिस्त्री एका हातानें डिस्ट्रिब्यूटरचें, म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीपाळीनें वीज वाटून देणाऱ्या डबीचें, अंग केसभर इकडे आणि केसभर तिकडे फिरवीत असतो. त्याची नजर कशावरच नसते; सारें लक्ष कानांत एकवटलेलें असतें. इंजिनाचा सूर भरून आला कीं तो हात थांबवितो, पेंच आवळतो आणि मालकाला म्हणतो, "जा भाऊ, आतां नाईं अडकत." आणि बहुतेक वेळां मोटार खरोखरच अडकत नाहीं.

ही कानाची विद्या कमी प्रतीची नव्हे. अँबॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी या जातीच्या मोटारी वर्षानुवर्षें रस्त्यावर राहिल्या, त्यांत या विद्येचा वांटा मोठा आहे. परंतु एक इंजिन असें आहे कीं, त्याच्यापुढें हाच शहाणा कान उणा पडतो. आणि नुसता उणा पडून थांबत नाहीं, तर इंजिनाचा घात करतो. तें म्हणजे रोटरी, अर्थात् फिरत्या चक्राचें इंजिन. त्यांतील ठिणगीची वेळ कशी लावतात, आणि तेथें कानाऐवजीं दिव्यावर विश्वास कां ठेवावा लागतो, याचा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम ठिणगीची वेळ म्हणजे काय तें पाहूं. नागपंचमीच्या झोक्याला झोका देणाऱ्या माणसाला ही गोष्ट निराळी शिकवावी लागत नाहीं. झोका आपल्याकडे येत असतांनाच ढकलला, तर हाताला हिसका बसतो आणि झोकाही अडतो. तो दूर गेल्यावर ढकलला, तर जोर वाऱ्यावर जातो. तो मागें येऊन परत फिरूं लागतो त्या क्षणीं दिलेला हलकासा धक्काही त्याला उंच नेतो. इंजिनांतही हेंच आहे. नेहमींच्या इंजिनांत हवा आणि पेट्रोलची वाफ यांचें मिश्रण दट्ट्या वर येऊन दाबतो, प्लगची ठिणगी तें पेटविते, आणि जळणाऱ्या वायूचा जोर दट्ट्याला खालीं लोटतो. दट्ट्या जेथें सर्वांत वर असतो त्या स्थानास शिरोबिंदु म्हणूं.

आतां असें वाटेल कीं, ठिणगी नेमकी शिरोबिंदूवर पडावी. पण मिश्रण एका क्षणांत जळून जात नाहीं. ज्योत ठिणगीपासून निघून भिंतीपर्यंत पोंचावयास कांहीं सहस्रांश सेकंद घेते. मिनिटाला ३००० फेरे घेणाऱ्या इंजिनाचा आंस सेकंदाच्या एका सहस्रांशांत १८ अंश वळतो. म्हणजे ज्योत पसरेपर्यंत दट्ट्या कितीतरी पुढें गेलेला असतो. म्हणून ठिणगी शिरोबिंदूच्या अगोदर पाडतात, आणि वेग वाढेल तसतशी ती आणखी अगोदर न्यावी लागते. ती फार लवकर पडली, तर वर येणाऱ्या दट्ट्याला जोर आडवा येतो आणि उरलेलें मिश्रण एकदम भडकून आंत ठोके बसूं लागतात. ती उशिरां पडली, तर जळणाची उष्णता काम न करतां धुराच्या नळीवाटे निघून जाते. पेट्रोल खर्ची पडतें आणि इंजिन तापतें.

मोटारीच्या बाळपणीं ही वेळ हांकणाऱ्यालाच सांभाळावी लागे. १९०८ ते १९२७ या काळांत अमेरिकेंत निघालेल्या फोर्डच्या टी-मोटारींत सुकाणूच्या डाव्या अंगाला त्यासाठीं एक दांडी असे. इंजिन हातानें दांडा फिरवून सुरू करण्यापूर्वीं ती दांडी मागें आणण्यास जो विसरे, त्याच्या हातांतील दांडा उलट फिरे आणि मनगट मोडण्याचा प्रसंग येई. पुढें दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोलची टंचाई झाली, तेव्हां आपल्या देशांत अनेक मोटारींच्या पाठीस कोळशाच्या वायूच्या भट्ट्या लागल्या. तो वायु पेट्रोलच्या वाफेहून सावकाश जळतो. म्हणून त्या गाड्यांची ठिणगी आणखी लवकर पाडावी लागे. त्या काळापर्यंत डिस्ट्रिब्यूटरमध्यें वेगाबरोबर बाहेर सरकणारीं छोटीं वजनें आलीं होतीं, आणि इंजिनावर किती भार आहे हें ओळखणारा एक पातळ पडदाही आला होता. हांकणाऱ्याचें काम या दोघांनीं उचललें. मिस्त्रीकडे उरलें तें मूळ वेळ लावून देण्याचें काम.

तें काम तो कानानें कसें करतो? डिस्ट्रिब्यूटर किंचित् पुढें सारून तो मोटार चढावर नेतो आणि वरच्या गियरमध्यें मंद वेगानें तिच्यावर भार टाकतो. आंतून पत्र्यावर खडे पडावेत तसा बारीक आवाज आला, कीं वेळ जरा जास्त लवकर झाली असें समजून ती थोडी मागें घेतो. दट्ट्याचें इंजिन दणकट असल्यामुळें परीक्षेपुरते चार-दोन हलके ठोके तें मुकाट्यानें सोसतें. आवाज हा तेथें इशारा असतो; इशारा मिळाल्यानंतर सांवरण्यास अवकाश असतो. कानाच्या विद्येचा सारा पाया या अवकाशावर उभा आहे.

वऱ्हाडच्या हवेंत हा अवकाश मुळांतच थोडा कमी असतो. माघांतील सकाळी आणि वैशाखांतील दुपार यांत ३० अंशांचा फरक सहज पडतो. आणि इंजिनांत शिरतांना हवेंत असलेला हा फरक दाबाखालीं सुमारें दुप्पट होतो. तापलेलें मिश्रण ठोके देण्यास अधिक उतावीळ असतें. म्हणून थंडींत बिनतक्रार चालणारी मोटार उन्हाळ्यांत परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढतांना खडखडूं लागते. १,१०० मीटरांच्या आसपास उंचीवर गेल्यावर हवा विरळ व गार होते आणि तीच मोटार पुन्हा शांत होते. घाटांत निदान चढ संपतो. अमरावती-अकोला हा रस्ता मात्र सपाट आहे. २०२२ च्या जून महिन्यांत या महामार्गावर ७५ किलोमीटरांचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग घातला गेला आणि त्याची जागतिक उच्चांक म्हणून गिनीज बुकांत नोंद झाली. असा रस्ता वेगवान मोटारीला भुरळ घालतो. भर उन्हांत, एका दमांत, मोठ्या वेगानें लांबवर धांवण्याची ही कसोटी वेळ चुकलेल्या इंजिनाला फार कडक जाते; आणि रोटरी इंजिनाला तर सर्वांत कडक.

या इंजिनाची कल्पना जर्मनीच्या फेलिक्स वांकेल याची. त्यानें १९२९ सालीं आपलें पहिलें पेटंट मिळविलें, आणि एन. एस. यू. या कंपनीच्या कारखान्यांत १९५७ सालीं त्याचें पहिलें इंजिन फिरलें. त्यांत वरखालीं जाणारा दट्ट्याच नाहीं. भुईमुगाच्या दोन दाण्यांच्या शेंगेसारखें, मध्यें किंचित् आवळलेलें एक घर असतें आणि त्यांत फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर फिरतो. त्याचीं तिन्ही टोंकें सतत भिंतीला लागून सरकतात. त्यामुळें घराचे तीन कप्पे होतात आणि ते रोटरबरोबर फिरतां फिरतां लहानमोठे होत जातात. हवा घेणें, दाबणें, जाळणें आणि बाहेर टाकणें हीं चारही कामें याच फिरण्यांत उरकतात. रोटर एकदां फिरतो तोंवर मधला आंस तीनदां फिरतो. कप्पा सर्वांत लहान होतो तें स्थान म्हणजे या इंजिनाचा शिरोबिंदु. वरखालीं आदळणारें कांहींच नसल्यानें हें इंजिन लहान, हलकें आणि वेगाचें शौकीन झालें. १९६४ सालीं एन. एस. यू. ची दोन आसनांची स्पायडर मोटार निघाली; १९६७ सालीं जपानांतील हिरोशिमाच्या कारखान्यांतून माझदाची कॉस्मो स्पोर्ट बाहेर पडली; आणि १९७८ पासून माझदाच्या आर. एक्स.-७ या मोटारीनें रोटरीचें नांव जगभर नेलें.

आतां या इंजिनाची अडचण पाहा. दट्ट्याच्या इंजिनांत मिश्रण जळतें ती जागा आटोपशीर खोलीसारखी असते. मध्यें एक दिवा लावला तर उजेड सगळीकडे जातो. रोटरीमध्यें ती जागा लांबट, पातळ आणि शिवाय चालती असते. लांब ओसरीच्या एका टोंकाला ठेवलेला दिवा दुसऱ्या टोंकाला पुरत नाहीं, तशी एका प्लगची ज्योत मागच्या कोपऱ्यापर्यंत पोंचत नाहीं. कारण कप्प्यांतील वारा तिला रोटरच्या गतीच्या दिशेनें पुढें ओढीत असतो. म्हणून माझदानें एका रोटरला दोन प्लग दिले. खालचा तो लीडिंग, म्हणजे पुढचा. वरचा तो ट्रेलिंग, म्हणजे मागचा. पुढचा आधीं पेटतो आणि मुख्य काम करतो. मागचा कांहीं अंशांनीं नंतर पेटून मागें राहिलेलें मिश्रण जाळतो. मागच्या प्लगचें घरांत उघडणारें छिद्र मुद्दाम बारीक ठेवलेलें असतें. रोटरचें टोंक त्यावरून सरकतें त्या क्षणीं दोन्ही बाजूंच्या दाबांत मोठें अंतर असतें, आणि छिद्र मोठें असतें तर एका कप्प्यांतील वायु दुसऱ्या कप्प्यांत घुसला असता. १९९१ सालीं ल मां येथील चोवीस तासांची शर्यत माझदाच्या ज्या चार रोटरच्या मोटारीनें जिंकली, तिच्यांत तर प्रत्येक रोटरला तीन प्लग होते.

तेव्हां रोटरीमध्यें एक नव्हे, दोन वेळा लावावयाच्या असतात. आर. एक्स.-७ च्या १९७९ ते १९८५ या काळांतील डिस्ट्रिब्यूटरच्या मोटारींचें उदाहरण घेऊं. या मोटारींच्या पुस्तकांत मंद चालीवर पुढच्या प्लगची ठिणगी थेट शिरोबिंदूवर आणि मागच्या प्लगची शिरोबिंदूनंतर २० अंशांवर सांगितलेली असते. ज्या देशासाठीं मोटार बांधली त्याप्रमाणें आंकडे बदलूं शकतात. म्हणून ज्या मोटारीला हात लावावयाचा, तिचेंच पुस्तक प्रमाण मानावें.

वेळ लावण्यापूर्वीं इंजिन चांगलें तापवून घेतात, दिवे व पंखे बंद करतात, आणि भार ओळखणाऱ्या पडद्याच्या नळ्या काढून त्यांचीं तोंडें बंद करतात. नाहीं तर पडदा मधेंच वेळ हलवील. चारही प्लगांच्या तारा आपापल्या जागीं आहेत ना, हें पाहतात. चाल पुस्तकांत सांगितलेल्या मंद गतीवर आणतात. मग टायमिंगच्या दिव्याची चिमटी पुढच्या रोटरच्या लीडिंग तारेला लावतात. ती तार जितक्या वेळां वीज नेते तितक्याच वेळां तो दिवा लखकन् चमकतो. आणि विजेच्या लखलखाटांत फिरतें चाक क्षणभर स्थिर दिसावें, तशी आंसावरील फिरती पुली स्थिर दिसूं लागते. पुलीवर दोन खुणा असतात आणि जवळच इंजिनाच्या अंगाला एक खिळा असतो. पहिली खूण खिळ्यासमोर आली पाहिजे. नसेल, तर डिस्ट्रिब्यूटरचा पेंच सैल करून तो हळूच फिरवितात, खूण जुळली कीं आवळतात, आणि आवळतांना ती सरकली नाहीं ना हें पुन्हा पाहतात. मग चिमटी ट्रेलिंग तारेवर नेऊन दुसरी खूण जुळवितात; तिला स्वतःची वेगळी जुळवणी आहे. शेवटीं इंजिनाचा वेग थोडा वाढवून खुणा लवकरच्या बाजूला सरकतात कीं नाहीं हें पाहतात. त्या सरकल्या, तर आंतील वजनें मोकळीं आहेत असें समजावें. नळ्या परत जोडल्या कीं काम पुरें होतें.

हें काम घटकाभराचें आहे; धोका आहे तो संवयीचा. दट्ट्याच्या इंजिनावर हात बसलेला मिस्त्री शिरोबिंदूच्या कांहीं अंश अगोदर ठिणगी पाहण्यास सरावलेला असतो. येथें ती शिरोबिंदूवर, आणि दुसरी तर त्याच्याही नंतर, असें दिसतांच त्याला वाटतें कीं कोणीतरी वेळ बिघडविली आहे. तो चांगल्या मनानें ती दहा अंश अलीकडे आणतो. उभ्या मोटारीचें इंजिन उलट अधिक तरतरीत लागतें. कान समाधानानें होकार देतो. पण मंद चालीवरील ही उशिराची वेळ ही नुसती सुरुवात असते. मोटार धांवूं लागली कीं वजनें आणि पडदा तीत आपले अंश मिळवितात, आणि मिस्त्रीचे दहा अंश त्यांच्या डोक्यावर बसतात. मग एखाद्या रणरणत्या दुपारीं बडनेरा मागें पडतें, रस्ता मोकळा होतो, पाय खालीं दाबला जातो. आणि आंत ठोके सुरू होतात.

ते ठोके कोणाला ऐकूं येत नाहींत. रोटरीच्या धुराच्या नळीचा आवाज तिखट आणि सलग असतो. त्यांत आंतील ठोका बुडून जातो. आणि ज्यावर तो ठोका बसतो ती वस्तु दट्ट्यासारखी दणकट नसते. रोटरच्या प्रत्येक टोंकाला खांचेंत बसविलेली एक अरुंद पट्टी असते. मिस्त्री तिला एपेक्स सील म्हणतात. दोन रोटरांच्या इंजिनांत अशा सहा पट्ट्या. मागें सांगितलेल्या मोटारींत त्यांची जाडी अवघी ३ मिलिमीटर, आणि पुढच्या पिढीच्या मोटारींत २ मिलिमीटर. सारे कप्पे एकमेकांपासून वेगळे राहतात ते यांच्याच जिवावर. यांतील एक जरी ठोक्यानें तडकली, तरी तिचा तुकडा घराच्या गुळगुळीत भिंतीवर ओरखडे काढीत फिरतो. त्यानंतर इंजिनाचा दम जातो, मंद चाल लंगडते, तापलेलें इंजिन पुन्हा सुरू होत नाहीं. आणि कानाला प्रथम बातमी लागते ती तेव्हां. दट्ट्याच्या इंजिनांत जो आवाज इशारा म्हणून येतो, तो येथें निकाल म्हणून येतो. मग इंजिन उतरवून सगळें उकलण्यावांचून गत्यंतर नसतें, आणि भाग परदेशांतून मागवावे लागतात.

या पट्ट्यांनीं मोठमोठ्यांना पाणी पाजलें आहे. एन. एस. यू. नें १९६७ सालीं काढलेल्या आर. ओ. ८० या मोटारीच्या पट्ट्या लवकर झिजूं लागल्या, हमीपोटीं इंजिनें बदलून देतां देतां कंपनी टेकीस आली, आणि १९६९ सालीं ती फोक्सवॅगनच्या छत्राखालीं गेली. हिरोशिमांत केनिची यामामोतो आणि त्यांचे सहकारी यांना घराच्या भिंतीवर पट्ट्यांमुळें उठणाऱ्या ओरखड्यांशीं कित्येक वर्षें झगडावें लागलें.

हें इंजिन परक्यांच्या हौसेपुरतेंच आहे, असें मात्र नव्हे. आपल्या महाराष्ट्रांतही त्यावर काम झालें आहे. निशांत या वैमानिकाविना उडणाऱ्या भारतीय विमानासाठीं ५५ अश्वशक्तीचें वांकेल इंजिन देशांतच बनविण्यांत आलें. त्याचा गाभा बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेनें तयार केला. इंधनाची व ठिणगीची यंत्रणा बसविण्याचें काम अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, लष्करी वाहन-संशोधन संस्थेकडे होतें. २००९ सालीं २९ मार्च रोजीं कर्नाटकांतील कोलार येथें हें इंजिन घेऊन निशांतनें उड्डाण केलें. आकाशांत चढलेल्या त्या विमानांत सूर ऐकून पेंच फिरविणारा कोणी नव्हता. जमिनीवर मोजून लावलेली वेळच तेथें खरी ठरावयाची होती.

आतां पुष्कळ नव्या इंजिनांत ठिणगीची वेळ संगणक ठरवितो, आणि ठोका टिपणारें एक लहानसें यंत्र इंजिनाच्या अंगालाच बसविलेलें असतें. २००३ सालीं निघालेल्या आर. एक्स.-८ या रोटरी मोटारींत हातानें फिरविण्याजोगा डिस्ट्रिब्यूटर राहिलेला नाहीं. परंतु जुन्या मोटारी जपणारे हौशी लोक आहेत, आणि त्यांच्या मोटारी शेवटीं कोणत्या तरी छपराखालीं, कोणत्या तरी मिस्त्रीच्याच हातीं जावयाच्या. त्या मिस्त्रीनें आपला कान टाकून द्यावा असें कोणी म्हणणार नाहीं. सैल पट्टा, फुटलेली नळी, लंगडणारी चाल हें सारें त्याला कानच सांगणार आहे. फक्त वेळेचा प्रश्न आला म्हणजे त्यानें आधीं त्या मोटारीचें पुस्तक उघडावें आणि दिवा लावावा. आणि मालकानेंही एवढें करावें: दिव्यासाठीं लागणारा अर्धा तास त्याला कुरकुर न करतां द्यावा, आणि तो अर्धा तास होळीपूर्वींच द्यावा, उन्हाळा डोक्यावर येण्याची वाट पाहूं नये.